क्लिपलेस पेडल घेताय? आधी बुटाचा तळवा पाहा

माझं पहिलं क्लिपलेस पेडल, म्हणजे ज्यात बूट खटक्याने अडकतो ते, मी दिसण्यावर भाळून घेतलं. मधे खटका, भोवती ऐसपैस अ‍ॅल्युमिनियमची चौकट. डोक्यात हिशेब सरळ होता: चौकट मोठी म्हणजे पायाला आधार मोठा. नागपुरात गोरेवाड्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर दोन महिने सायकल चालवली, तरी चवड्याखालची जळजळ जाईना. उतारावर पेडलवर उभं राहिलं की पाय सुपारीवर ठेवल्यासारखा डुगडुगायचा. शेवटी एका रविवारी सायकल अंगणात भिंतीला टेकवली, बूट पेडलमध्ये अडकवला आणि खाली वाकून पाहिलं. बुटाचा तळवा आणि चौकट यांच्या मधल्या फटीतून घडी घातलेली नोट आरामात आरपार गेली. दोन महिने मी त्या चौकटीचं नुसतं ओझं वाहत होतो. पाय तोलला होता तो मधल्या खटक्याएवढ्या तुकड्यावर.

नव्याने घेणाऱ्याने या फटीपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. पण त्याआधी नावाचा घोळ मिटवू.

क्लिपलेस, तरी पाय अडकतो कसा?

पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर पुढच्या बाजूने एक पिंजरा असायचा, त्याला चामड्याचा पट्टा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला, म्हणून नवं पेडल ‘क्लिपलेस’. लूक ही फ्रेंच कंपनी मुळात बर्फावरच्या स्कीचे बूट अडकवण्याचे खटके बनवायची. तिने १९८४ मध्ये तेच तंत्र पेडलमध्ये आणलं आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो या सायकलपटूने ते पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. ते रस्त्यावरच्या सायकलीचं पेडल. त्याच्या बुटाखाली तीन बोल्टची मोठी प्लॅस्टिकची क्लीट, म्हणजे पेडलच्या खटक्यात अडकणारा तुकडा, असते आणि ती घालून चालणं म्हणजे बदकाची चाल.

डोंगरी सायकलीसाठी शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये एसपीडी नावाचं पेडल आणलं. यात दोन बोल्टची छोटी धातूची क्लीट असते आणि ती बुटाच्या तळव्यात खोलगट जागी दडलेली राहते, त्यामुळे माणसासारखं चालता येतं. दुकानात जाल तेव्हा ‘एमटीबीचं (म्हणजे डोंगरी सायकलीचं), दोन बोल्टवालं’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘क्लीट पेडल द्या’ म्हटलं की कधी कधी रस्त्याचं पेडल पुढे येतं. दिसायला ते झकपक असतं, पण तुमच्या कामाचं नसतं.

पहिली पायरी: खरंच हवं आहे का?

सेमिनरी हिल्सच्या मुरमाड चढावर बसून जोर लावताना किंवा खडबडीत उतारावर चाक उडताना पाय पेडलवरून निसटतो, हा त्रास तुम्हाला रोज होत असेल तर हवं आहे. सायकल घेऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले असतील, ब्रेक आणि गिअर अजून हाताला सवयीचे नसतील, तर थांबा. चांगलं रुंद फ्लॅट पेडल आणि टोचरे पिन हा तेवढा काळ उत्तम सोबती आहे. त्यावर टाच खाली दाबून पाय टिकवायची जी सवय लागते, ती पुढे क्लिपलेसवरही कामी येते.

आणि ज्यांची एकच सायकल आहे, तीच घेऊन सकाळी अंबाझरीला फेरी आणि संध्याकाळी चप्पल घालून गोकुळपेठच्या बाजारात भाजी, त्यांच्यासाठी एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने खटका असं पेडल मिळतं. शिमानोचं ईएच५०० त्याच जातीचं. शहरासाठी छान. पण कच्च्या वाटेवर पाय निघाला की पुन्हा अडकवताना नेमकी सपाट बाजू वर आलेली असते, आणि दगड समोर असताना खाली बघायला फुरसत नसते. डोंगरी वाटेसाठी मी ते कुणाला सुचवत नाही. दोन्ही बाजूंनी खटका हवा.

दुसरी पायरी: चौकट किती मोठी?

ढोबळमानाने तीन प्रकार डोळ्यांसमोर ठेवा.

बिनचौकटीचं पेडल म्हणजे मधला खटका आणि आस, बस्स. क्रँकब्रदर्स कंपनीचं एगबीटर तर खरोखर अंडं फेटायच्या यंत्रासारखं दिसतं. शिमानोचं एम५२० याच्या जवळचं: जोडीचं वजन साधारण ३८० ग्रॅम, दणकट, आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करणारं. बुटाचा तळवा कडक असेल तर हे पुरतं.

मधल्या आकाराचं, म्हणजे खटक्याच्या पुढे-मागे छोटी चौकट असलेलं. यालाच ट्रेल पेडल म्हणतात. शिमानोचं एम५३० (जोडी सुमारे ४५५ ग्रॅम), त्याच कंपनीचं महाग एक्सटी एम८१२०, क्रँकब्रदर्सचं कँडी. नागपूर आणि आसपासच्या वाटांसाठी नव्या माणसाने इथेच थांबावं असं माझं मत आहे. आपल्याकडे हिमालयातले उतार नाहीत. आहेत त्या छोट्या टेकड्या, मुरूम, सुटे दगड आणि मधे मधे शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटा.

तिसरं, हाताच्या पंजाएवढं मोठं, पिन लावलेलं. क्रँकब्रदर्सचं मॅलेट हे त्यातलं ओळखीचं नाव. तीव्र उतार, उड्या, मऊ तळव्याचे बूट यांसाठी ते आहे. त्याचा खरा फायदा पाय अडकलेला नसताना कळतो: घाईत क्लीट बसली नाही तरी चौकटीवर पाय टिकवून दोन-चार फेरे मारता येतात. तोटा असा की वजन वाढतं आणि अरुंद वाटेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी दगड असलेल्या चाकोरीत, पेडल दगडाला जास्त आपटतं.

चौकटीच्या लांबी-रुंदीचे आकडे बघून निर्णय घेऊ नका. दोन मिलिमीटरच्या फटीपुढे दोन सेंटिमीटरची रुंदी फुकट जाते.

तिसरी पायरी: बूट, आणि तो नोटेचा खेळ

अडकलेल्या अवस्थेत क्लीट खटक्यात बसते आणि तळव्याचे रबरी दात चौकटीच्या दोन्ही कडांवर टेकतात, किंवा टेकायला हवेत. टेकले तर तुमचं वजन खटका आणि चौकट मिळून उचलतात. नाही टेकले तर सगळा भार क्लीटएवढ्या, म्हणजे पाचाच्या नाण्याहून थोड्याच मोठ्या जागेवर. तळवा कडक असेल तर तो भार तळवाच पसरवतो, म्हणून शर्यतवाले बिनचौकटीच्या पेडलवर खूश असतात. तळवा मऊ असेल तर तो क्लीटभोवती वाकतो आणि दोन तासांनी चवडा पेटतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, उन्हाने पाय सुजतात, मग तर विचारू नका.

म्हणून बूट आणि पेडल एकत्रच तपासा. कृती अशी:

बुटाला क्लीट लावा. पेडल सायकलवर नसेल तरी चालेल. बूट हातात धरून ते त्यात खटकन अडकवा. आता एक साधा कागद दुमडून किंवा नोट घेऊन तळवा आणि चौकट यांच्यामधे सरकवा, आधी बाहेरच्या बाजूने, मग आतल्या, मग पुढून आणि मागून. कागद अडकत अडकत, घासत जात असेल तर जोडी जमली. सर्रकन आरपार गेला तर आधार नाही. आणि बूट अडकतच नाही, किंवा अडकल्यावर हलवायला फार जोर लागतो, तर रबराचे दात जास्त उंच आहेत आणि क्लीटला खाली पोचू देत नाहीत. हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं, कारण पडताना पाय सुटणार नाही.

घरी असाल तर आणखी एक सोपी युक्ती. चौकटीवर थोडी रांगोळी भुरभुरवा, किंवा खडू घासा, बूट अडकवून दोन-चारदा इकडे-तिकडे फिरवा, काढा आणि तळवा बघा. जिथे पांढरं लागलं तिथेच आधार मिळतो. माझ्या पहिल्या बुटाला पांढरा डाग फक्त क्लीटवर होता. दुकानदाराला मी रांगोळी मागितली नाही, नोटेवर भागवलं, तरी तो माझ्याकडे जरा संशयानेच बघत होता.

फट असेल तर काय करायचं? क्लीटखाली पातळ पत्र्याची चकती असेल आणि ती काढता येत असेल तर काढून पाहा. क्लीट वर सरकते, तळवा खाली येतो. उलट, दात आड येत असतील तर तीच चकती घाला, किंवा धारदार कटरने चौकटीवर येणारे दात थोडे थोडे तासा. एकदम तासू नका. रबर परत उगवत नाही. काही पेडलांच्या चौकटीवर बदलता येणारे प्लॅस्टिकचे पॅड असतात, पातळ आणि जाड. ते याच कामासाठी. आणि टोचऱ्या पिन स्क्रूच्या असतील तर त्या वर-खाली करता येतात.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय दिवसभराने पसरलेला असतो. आपल्यापैकी पुष्कळांचा चवडा रुंद असतो आणि हे बूट बहुधा अरुंद साच्याचे. रुंद प्रकार मिळत असेल तर तोच मागा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची सोय आधी वाचा. तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा: धावण्याच्या बुटासारखा दुमडला तर मोठ्या चौकटीचं पेडल लागेल, पाटासारखा ताठ असेल तर छोट्यावर भागेल. पण फार ताठ बुटाने सायकल खांद्यावर घेऊन टेकडी चढणं कठीण, आणि तर्री पोह्याच्या ठेल्यापुढच्या गुळगुळीत फरशीवर तर हमखास घसरणं. मधला, किंचित वाकणारा बूट बरा.

खटका कोणाचा?

एसपीडीच्या बाजूने माझं मत आहे आणि ते काही लपवत नाही. कारण साधं: किती घट्ट धरायचं ते स्क्रूने ठरवता येतं, क्लीट पोलादी असल्याने टिकते, आणि सुटे भाग आपल्या शहरात सहज मिळतात. क्रँकब्रदर्सचं पेडल चिखलात सरस, चारही बाजूंनी पाय शिरतो, चिखल आरपार निघून जातो. पण त्याचा ताण कमी-जास्त करता येत नाही आणि त्याच्या पितळी क्लीट लवकर झिजतात. मुरुमाच्या बारीक खड्यांत तर विचारूच नका.

एसपीडी घेताना क्लीटचा प्रकार बघा. डब्यात बहुतेकदा एसएच५१ येते, काळी, जिच्यातून पाय फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटतो. एसएच५६ वेगळी घ्यावी लागते. तिच्यातून टाच वर उचलून किंवा तिरकी ओढूनही पाय निघतो. घाबरलेला माणूस पाय वळवत नाही, वर ओढतो. म्हणून पहिले सहा महिने ५६ वापरा. उड्या मारायला लागाल तेव्हा ती नको तेव्हा सुटायला लागेल. मग ५१वर या.

जुनं पेडल स्वस्तात मिळत असेल तर क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो दांडा, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पेडल हलवा. आसात खेळ जाणवला, किंवा फिरवताना खरखर लागली तर सोडा. खटक्याच्या जबड्याची कड गोल झालेली असेल तरीही सोडा.

बसवताना

डोंगरी सायकलीच्या क्रँकवर पेडलचे आटे बहुतेकदा ९/१६ इंचाचे असतात, आणि डावं पेडल उलट्या आट्याचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी पहिल्यांदा जुनं पेडल काढताना डाव्या बाजूला लटकून जोर लावत होतो. कोपऱ्यावरचे सायकल मिस्त्री बघत उभे होते. म्हणाले, ‘काहून एवढा जोर लावून राहिले भाऊ, डावं पायडल उलट्या आट्याचं राहते.’ लक्षात ठेवायची युक्तीही त्यांचीच: पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. दोन्ही बाजूंना तेच.

पेडलवर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं. आट्यांना ग्रीस लावा, सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे चुकीचे चढताहेत, काढून पुन्हा लावा. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्याचे आटे एकदा कापले गेले की बहुतेकदा क्रँकच बदलावा लागतो. मग पाना किंवा अ‍ॅलन की, जे पेडलला लागेल ते, आणि चांगलं घट्ट.

आता क्लीट. अनवाणी, पाय लोंबकळतील अशा उंच ओट्यावर बसा. पावलं आपोआप जशी बाहेर किंवा आत वळलेली दिसतील, तोच तुमचा कोन. क्लीट त्याप्रमाणे फिरवा. सरळ दिसावी म्हणून सरळ लावू नका, गुडघा त्याची किंमत वसूल करतो. एसपीडीत पाय सुमारे ४ अंश इकडे-तिकडे हलू शकतो, त्यामुळे थोडी चूक पोटात घेतली जाते, फार नाही. पुढे-मागे ठरवताना अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड बुटावरून चाचपून खूण करा. क्लीटचा मध्य त्या खुणेच्या थोडा मागे, पाच-सात मिलिमीटर, ठेवला तर कच्च्या वाटेवर पाय जास्त स्थिर राहतो आणि पोटरी कमी थकते. आणि क्लीट मागे गेली की चौकटही तळव्याच्या वेगळ्या भागाखाली येते. म्हणजे कागदाची परीक्षा पुन्हा एकदा.

बोल्टला ग्रीस, आणि आवळायचं ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोटी अ‍ॅलन की हाताने चांगली घट्ट होईपर्यंत. पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा, नव्या क्लीट तळव्यात थोड्या बसतात आणि बोल्ट सैल पडतात. क्लीट सैल असेल तर तुम्ही टाच वळवता, क्लीट बुटाखाली गोल फिरते आणि पाय सुटत नाही. सिग्नलवर हळूहळू आडवं होण्याचा तो प्रकार मी अनुभवला आहे. शेजारच्या स्कूटरवरच्या काकूंनी हिरवा दिवा लागला तरी गाडी काढली नाही, ‘लागलं का जी?’ विचारत थांबल्या, हे त्याहून लागलं.

ताण सैल, मग सराव

दोन पेडल, प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे ताणाचे चार स्क्रू. चारही उलटे फिरवून सगळ्यात सैल करा, पण स्क्रू बाहेर येईपर्यंत नाही. मग प्रत्येकाचे ‘टिक’ मोजून सारखेच ठेवा. तीन सारखे आणि एक घट्ट राहिला तर नेमका तोच नडतो.

सुरुवात खिडकीच्या गजाला धरून. एक पाय अडकवा, टाच बाहेर फेका, सोडा. पन्नासदा डावा, पन्नासदा उजवा. मग गवताचं मैदान, सिमेंटचा रस्ता नव्हे. नागपूरच्या सिमेंटवर कोपर घासला की महिनाभर आठवण राहते. मैदानावर संथ चालवत ब्रेकच्या आधी पाय सोडायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. क्रम डोक्यात बसवा: आधी पाय, मग ब्रेक. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, कडाही डावीकडे असते, म्हणून डावा पाय आधी सोडायची सवय लावा आणि शरीरही थोडं डावीकडेच झुकवा. पाय डावा सोडला आणि तोल उजवीकडे गेला, तर सोडलेल्या पायाचा उपयोग शून्य.

पहाटे फुटाळ्याकडून जाताना कुत्री मागे लागतात तेव्हा काय करायचं, हे मला हमखास विचारलं जातं. पाय सोडू नका. तेव्हा दोन्ही पाय अडकलेले असणं हाच फायदा. गर्दीच्या चौकात मात्र शंभर मीटर आधीच एक पाय मोकळा करून ठेवा आणि चौकटीवर मधला तळवा टेकवा. नव्या माणसाला चौकट इथे सगळ्यात जास्त कामी येते.

जंगलाच्या हद्दीतल्या वाटांवर जायचं असेल तर वनखात्याचे वेळेचे आणि परवानगीचे नियम आधी विचारून घ्या, क्लीट असो वा नसो.

पावसाळ्यात

काळी माती ओली झाली की बुटाला अशी चिकटते की पाच पावलांत पाय दुप्पट जड. क्लीटच्या खोबणीत ती बसली की खटका लागत नाही, आणि वाळली की विटेसारखी कडक. शेताकडच्या वाटेवर उतरून ढकलावं लागलं तर चढण्याआधी बूट पेडलच्या कडेवर दोनदा आपटा. मी खिशात एक जुना टूथब्रश आणि बोटभर बांबूची काडी ठेवतो. स्क्रू-ड्रायव्हरने रबर फाटतं. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. खटक्याच्या स्प्रिंगवर थेंबभर तेल, जास्तीचं पुसून टाका, नाहीतर त्यावर मुरुमाची धूळ बसते.

क्लीट केव्हा बदलायची हे पाय सांगतो: टाच वळवल्यावर आधीसारखं ‘टक्’ न होता गिळगिळीत सुटायला लागलं, किंवा चढावर जोर लावताना आपोआप निघायला लागलं, की बदला. जुनी काढण्याआधी तिच्या भोवती मार्करने तळव्यावर रेघ ओढून ठेवा, म्हणजे नवी त्याच जागी बसेल.